मागच्या सीटवरची कोरल

रॉस प्रॉक्टरला हौस दांडगी. खाणीतून निवृत्त झालेली बाकीची माणसं क्लबात बिअर पीत बसायची, आणि हा पठ्ठ्या आपल्या म्हाताऱ्या मोटारसायकलीला नवी सीट शोधत ब्रोकन हिल गाव पालथं घालत होता. जुनीचं कातडं उन्हानं तडकलेलं, आतला स्पंज पार बसलेला. त्याच्या मनात भरली होती ती शर्यतीच्या गाड्यांसारखी, मागं शेपटी वर गेलेली, एकट्याची सीट. दिसायला एकदम झोकदार.

"मागं कोण बसतं?" गाद्या शिवणाऱ्या सिल्वानोनं विचारलं.

"आता कोणी नाही. कोरल म्हणते, तूच जा."

हे सांगताना रॉसचा आवाज पडलाच. लग्नाआधीपासून बायको त्याच्या मागं बसत आलेली. काय दिवस होते ते! खाणीतली पाळी संपली, की डब्यात खिम्याचे पॅटिस टाकून दोघं सुटायची ती थेट मेनिंडीच्या तळ्यांपर्यंत. पण गेल्या हिवाळ्यात तिनं हेल्मेट कपाटावर ठेवलं ते ठेवलंच. तिला आपलाच कंटाळा आलाय, असं रॉसनं मनाशी धरलं होतं. विचारायची छाती होत नव्हती.

"दोऱ्याचा रंग तरी तिला विचार," सिल्वानो म्हणाला. "नाहीतर बोलणी खाशील आणि उसवायला माझ्याकडे येशील."

शनिवारी रॉसबरोबर कोरल दुकानात आली. नमुन्याची सीट दाबून म्हणाली, "छान आहे की. लाल दोरा घे."

एवढ्यावर ती निघाली असती. रॉसलाच राहवलं नाही. "आठवतं का गं, मेनिंडीच्या रस्त्यावर तो गरुड? मेलेल्या कांगारूवरून उठला, तर पंखांनी रस्ता झाकला!"

"तू सांगितलंस तेव्हा कळलं."

"म्हणजे?"

"मला कुठं दिसला? मी बुटकी, मागची सीट खोलगट. इतकी वर्षं मी तुझी मान बघितलीय, रॉस. आधी काळे केस, मग ते गळू झालेलं, मग पिकलेले केस. आता कंबरही साथ देत नाही."

सिल्वानो दोऱ्यांच्या खोक्यात उगाच काहीतरी शोधू लागला.

"बोलली का नाहीस?"

"तू थांबल्यावर इतक्या हौसेनं सांगायचास. कसं बोलणार?"

रॉस सिल्वानोकडे वळला. "सिल्वानो, ती शेपटी नको. मागची बाजू उंच कर. रुंद कर. माझ्या डोक्यावरून दिसलं पाहिजे तिला."

"उंटासारखी दिसेल."

"दिसू दे!"

दोघांना गाडीवर बसवून सिल्वानोनं कोरलच्या खाली स्पंजचे तुकडे सरकवले. समोरच्या पबची पाटी तिनं त्याच्या डोक्यावरून वाचून दाखवली, तेव्हा कुठं रॉस उतरला.

नवी सीट बसवल्यावर ती दोघं मेनिंडीच्या रस्त्याला लागली. अर्ध्या वाटेवर रॉसच्या पाठीत गुद्दा बसला. "थांब, थांब!"

त्यानं गाडी उभी केली. डावीकडे नुसतं कुंपण आणि सुकलेली झुडपं.

"एमू! बाप पुढं, मागं पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. गेली रे, तू रस्ताच बघत बसलास."

रॉसनं हेल्मेट काढलं. "कशी होती? नीट सांग."

आणि कोरल सांगू लागली.