नळातली कालवं

आम्ही कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. बाबा कारखान्यात पंपांची डिझाइनं करत. समुद्रकाठच्या एका वीज केंद्रात त्यांचा पंप पुरेसं पाणी ओढेना, म्हणून डिझाइनच चुकलं असं तिथून पत्र आलं. बाबा रात्र रात्र जागून ते डिझाइन पुन्हा तपासू लागले.

एका संध्याकाळी त्यांनी तिथल्या, पंपाला समुद्राचं पाणी आणणाऱ्या मोठ्या नळातून खरवडून पाठवलेला एक खडबडीत तुकडा घरी आणला. "क्षार साचलेत. नळासाठी क्षार न धरणारा धातू मी सुचवायला हवा होता, माझीच चूक झाली," ते आईला म्हणाले.

आई कोकणातली. तिने तुकडा उलटसुलट करून पाहिला. "अहो, क्षार कुठले? ही कालवं आहेत. लहानपणी खडकांवर यांच्या धारेनेच आमचे पाय कापायचे."

तिने सुरीचं टोक फटीत घालून एक शिंपला उघडून दाखवला. आत मोत्यासारखी चकाकी होती.

"ही चिकटली की जागची हलत नाहीत," ती सांगू लागली. "भरतीला तोंड उघडून पाण्यातलं खातात आणि ओहोटीला आत पाणी धरून घट्ट मिटतात. तुमच्या नळात तर ओहोटीच नाही, खाणं अखंड चालू. मग थरावर थर चढणारच!"

बाबांनी तुकडा तिच्या हातातून घेतला. "म्हणजे पाण्याची वाटच बुजली होती, पंपाचं डिझाइन ठीकच आहे," असं म्हणून ते एकदम हसले.

काही आठवड्यांनी तार आली. नळ साफ केल्यावर पंप व्यवस्थित चालत होता. त्या दिवशी बाबा ऑफिसच्या कपड्यांतच खाटेवर आडवे झाले आणि गाढ झोपले. आईने आम्हाला बाहेर खेळायला पिटाळलं.