खळीत शिजलेली कविता

सरकारनं बंदी घातलेली एक अख्खी कविता मी चुलीवर शिजवली आहे.

आम्ही वडगावचे विणकर. घरात दोन माग. एकावर आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्यावर आक्का, माझी थोरली बहीण. मी बाविशीचा घोडा, पण माझ्याकडं फक्त सुताला लावायची खळ, म्हणजे पिठाची पेज, शिजवायचं काम (मागावर बसवलं की लुगड्याचे काठ रुसायचे!). आप्पांनी निपाणीच्या बाजारातून एक पुस्तक आणलं होतं. त्यात एकच लांबलचक कविता. राजाच्या सैन्याला नदीपार न्यायला एक नावाडी तयार होत नाही. राजा कधी लालूच दाखवतो, कधी धमकी देतो, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी नावाडी म्हणतो, "नाही!" आप्पा रोज संध्याकाळी कट्ट्यावर ती वाचायचे, अर्धी गल्ली ऐकायला बसायची. इंग्रज सरकारला त्या राजात आपलं तोंड दिसलं असावं. कवितेवर बंदी आली.

एका सकाळी शेजारची गंगाक्का धापा टाकत आली. "आप्पा, फौजदार आलाय! पुस्तक हुडकाय लागलाय!"

"येऊ दे की," आप्पा म्हणाले.

मी मात्र झटक्यात पुस्तक उचललं आणि उकळत्या खळीत बुडवलं! वर पळीही फिरवली.

"आरं, काय केलंस रं हे?"

"पुरावा मोडला, आप्पा!"

"पुरावा कसला? लुगडं मोडलंस की!"

पांढरीशुभ्र खळ काळी झाली होती. वर येणारी पानं खाली दाबून दाबून माझे हातही.

तेवढ्यात फौजदार शिपायासह आत शिरला. फळ्या उपसल्या, गाठोडी सोडली, पिठाच्या डब्यात काठी घातली. काही मिळेना. जाता जाता शिपायाचा बूट आक्काच्या मागात अडकला आणि ताण्याचे धागे तटातट तुटले.

आक्का मागावर वाकली. तिनं धागे सांधले, पाय मारला, आणि मागाच्या ठेक्यावर पहिलं कडवं सुरू केलं. मोठ्यानं!

"हीच ती! बाई, पुस्तक काढ!" फौजदार दारातूनच मागं फिरला.

"पुस्तक लागतंय कुणाला?" आक्का म्हणाली आणि दुसरं कडवं धरलं.

तिला गप्प करावं तर भिंतीपलीकडून गंगाक्कानं तिसरं उचललं. फौजदार तिकडं धावला. ती गप्प, तर समोरच्या घरात चौथं! बघता बघता सगळ्या गल्लीतले माग खटाखट चालू झाले आणि सगळी गल्ली गाऊ लागली. फौजदार रस्त्याच्या मधोमध उभा राहून गरजला, "बंद करताय की नाही?"

नेमकं तेव्हाच कडवं संपलं.

"नाही!" अख्खी गल्ली गरजली.

माझी छाती अशी भरून आली म्हणता! मी दारात धावलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "नाही!"

फौजदारानं माझ्या हातांकडं पाहिलं. शाईनं काळेकुट्ट हात! खळीचं पातेलं सापडायला मग कितीसा वेळ लागणार?

"लेका, हात तरी धुवायचे न्हाय व्हय?" आप्पा कळवळले. आक्का मात्र म्हणाली, "जा रं, भिऊ नगंस. तिथंबी म्हण!"

कोठडीत दोन चोर होते. तांब्याचे हंडे चोरल्याचा त्यांच्यावर संशय, पण बरेच दिवस मार खाऊनही दोघं तोंड उघडत नव्हते. मी आक्काचा शब्द पाळला. गजांना धरून, डोळे मिटून, पहिल्या कडव्यापासून गाऊ लागलो. शिपाई ओरडला, मी थांबलो नाही. फौजदारानं काठी आपटली, मी सूर चढवला.

पाचव्या कडव्याला दोन्ही चोर गजांवर आले. "साहेब, हंडे आम्हीच चोरले! कुठं पुरलेत तेबी दावतो, पण ह्याला आधी भाईर काढा!"

फौजदारानं कानांवर हात ठेवूनच मला सोडलं. सरकारला न जुमानणारी ती कविता, सगळी गल्ली तिनं पेटवली. आणि माझ्या गळ्यात येताच तिनं सरकारलाच दोन चोर पकडून दिले!