चुकीच्या तारखेची खूण घेऊन सिंगापूरला

सिंगापूरला निघाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही जरा हिंडेल-फिरेल. मला हिंडायचं नव्हतं. मला एका बाईंना एक प्रश्न विचारायचा होता. आईचं आजारपण काढून मी इतकी दमले होते की ती जाऊन दीड वर्ष झाल्यावरही चेक-इनला वाटलं, बॅगेसारखं मलाही पट्ट्यावर ठेवावं आणि पलीकडे कुणीतरी उचलून घ्यावं.

दोन हजार बारामध्ये जग बुडणार म्हणून वाहिन्या ओरडत होत्या, तेव्हा माया लोकांचं कॅलेंडर घरोघरी पोचलं. जग बुडालं नाही आणि लोक विसरून गेले. माझ्या हाती ते नंतर लागलं, आई गेल्यावर. त्यांच्याकडे दिवसांच्या वीस खुणा असतात. रोज एक, वीस झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. ज्या खुणेच्या दिवशी तुम्ही जन्मलात, ती तुमची. एका वेबसाइटवर तारीख टाकली, माझी निघाली किब. चौकटीत शंखासारखं वळण. पूर्वजांची, माफीची खूण. ते वाचून मी रडले. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी, तिसऱ्यांदा चादर बदलताना, मी तिला म्हणाले होते, "किती दिवस चालणार हे, आई?" तिनं ऐकलं. सकाळी ती नव्हती.

दीड वर्ष रोज सकाळी ते वळण वहीत काढून मी त्याच्यासमोर दहा मिनिटं बसत होते आणि माफी मागत होते. ती पोचते का, एवढंच विचारायचं होतं. ग्वाटेमालात माया परंपरेनं दिवस मोजण्याचं काम करणाऱ्या मार्ताबाई सिंगापुरात दोन दिवसांचं शिबिर घेणार होत्या, आणि सिंगापुरात माझा दादा असतो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: व्हिसा एजंटकडून करून घ्या, चार-पाच दिवसांत मिळतो. विमान थेट घ्या. मी मध्ये थांबणारं घेतलं आणि अंग मोडून निघालं. चांगी विमानतळावरून एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, आंग मो किओला, दादाच्या भागात, जाताना दोनदा गाडी बदलावी लागते, पण पाट्या इतक्या स्पष्ट आहेत की झोपेत चालणारं माणूसही पोचेल. मी जवळपास तशीच पोचले.

दादा स्टेशनवर उभा होता. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, वीस वर्षं तिथल्याच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत, आता तिथला कायमचा रहिवासी. वहिनी लेकीकडे ऑस्ट्रेलियाला गेलेली, त्यामुळे अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तो एकदाच आला होता, चार दिवसांसाठी. त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही.

शनिवारी सकाळी बिल्डिंगखालच्या कॉफी शॉपमध्ये नाश्ता केला. नारळाच्या जॅमचा टोस्ट आणि दाट गोड कॉफी. या शहरात मला मनापासून आवडलेली हीच एक गोष्ट. दादा माझी वही चाळत होता.

"पानोपानी शंख का काढलाय?"

मी खूण समजावून सांगितली. आईला काय बोलले, ते गाळलं.

"तारीख कुठली टाकलीस?"

"पासपोर्टवरची. एक जून."

दादानं कप खाली ठेवला. "अगं, एक जून ही मास्तरांनी लावलेली! शाळेत घालताना सहा वर्षं पुरी व्हायला हवीत म्हणून. निम्मा वर्ग एक जूनचा होता. मीसुद्धा."

"मग मी कधीची?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. आईनं पंचमीला पुरणाची दिंडं उकडली, दुसऱ्या दिवशी ती बाळंत झाली, आणि मला दिवसभर तीच शिळी दिंडं. विसरेन कसा?"

मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. आमच्या पिढीत फॉर्मवरची तारीख वेगळी आणि घरातली तिथी वेगळी. पण तारखेचा रकाना दिसला की हात आपोआप एक जून लिहितो. तिथंही तेच झालं. दादानं फोनवर जुनं पंचांग शोधून तारीख काढली, मी ती वेबसाइटवर टाकली. खूण बदलली. आता जाळं, मक्याची कणसं वाहून न्यायचं. दादा हसला. मला हसू आलं नाही. दीड वर्ष मी चुकीच्या घराची बेल वाजवत होते.

शिबिर लिटिल इंडियात होतं, एका मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत. एसी असा की शाल न्याच. आम्ही अकरा जण होतो. मार्ताबाई ठेंगण्या, शांत. शेजारी त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगणारी एक मुलगी. माझी पाळी आली तेव्हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, आईला म्हटलेलं वाक्य आणि चुकलेली तारीख, दोन्ही.

बाई म्हणाल्या, "जन्माची खूण तुझी एकटीची. पण किबचा दिवस दर वीस दिवसांनी सगळ्यांसाठीच येतो. त्या दिवशी आम्ही गेलेल्यांची माफी मागतो, आणि असलेल्यांचीही. हे वाक्य घरात कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी सांग." आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

इतक्या लांब येऊन हे! मला रागच आला.

संध्याकाळी दादा न्यायला आला. सेरंगून रोडवर आठ डॉलरला पोटभर थाळी मिळते, भात मागाल तेवढा. मी दोन घास खाल्ले आणि त्याला सगळं सांगून टाकलं, आईला म्हटलेलं वाक्य आणि किबच्या दिवसाबद्दल बाई म्हणाल्या तेही. त्याचा हात ताटातच थांबला.

"हे तू मला म्हणायला हवं होतंस."

"काय?"

"किती दिवस चालणार, हे. आईला नाही. फोन करून मला."

"केला असता, तर आला असतास?" माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"माहीत नाही," दादा म्हणाला.

"रसम, अक्का?" वाढपी पातेलं घेऊन उभा होता. आम्ही दोघांनी वाट्या पुढे केल्या.

रविवारचं सत्र मी बुडवलं. दिवसभर झोपले. सिंगापूर बघितलं का, असं विचाराल तर नाही. सोमवारी दादानं विमानतळावर सोडलं, तेव्हाही आम्ही फारसं बोललो नाही.

घरी येऊन आता महिना झाला. माफी आईपर्यंत पोचते का, मला अजून माहीत नाही. जाळ्याची खूण दोनदा काढून पाहिली, मन लागलं नाही. पण परतल्यानंतर अकराव्या दिवशी किबचा दिवस आला, आणि सकाळी साडेपाचलाच फोन वाजला. दादाकडे आठ वाजले होते.

"आज आहे ना तो दिवस? मोजून ठेवला होता." मग म्हणाला, "चुकलं माझं. यायला हवं होतं मी."

'असू दे' अगदी ओठांवर आलं होतं. सगळ्यांना तेच म्हणत आलेय.

"हो दादा," मी म्हटलं, "चुकलं." तो रडायला लागला. मी फोन कानाला लावून ऐकत बसले.