केवळाबाईसाठी रिकामी ठेवलेली बस

माणूस वाचवायला बस रिकामी ठेवायची की भरायची, सांगा बरं? आमच्या गावच्या केवळाबाईला डायलिसिससाठी लातूरला जावं लागतं. कोरोना आला, तसं गावानं ठरवलं, म्हातारीला लागण नको, तिच्या बसमध्ये कुणी चढायचं न्हाई. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आम्ही, गुमान घरी बसलो. ती एकटीच जायची. "आमदारीण झाले की रं!" म्हणून हसायची.

आता डेपोतले साहेब म्हणतात, "एका बाईसाठी डिझेल जाळू का? उद्या गाडी भरली न्हाई तर बंद."

मी लई भांडलो. केवळाबाईनं विचारलं, "दयानंदा, माझ्यामुळं बंद व्हायली का रं गाडी?"

चूक कुणाची, मलाच कळंना. तुम्ही उद्या अहमदपूरहून आमच्या गावावरून लातूरला जाणाऱ्या त्याच गाडीत बसा. मास्क लावा, तिच्यापासून लांब बसा, पण बसा.