नावापुढचं बी. ए.

लढाईच्या दिवसांत कशेळ्याच्या आठवडी बाजारात एक पुस्तकवाला येत असे. सुक्या मासळीच्या शेजारी गोणपाट अंथरून तो फक्त पदवीधरांनी लिहिलेली पुस्तकं विकायचा. गिऱ्हाईक आलं की आधी आतलं पान उघडायचा आणि लेखकाच्या नावाखालून अंगठा फिरवायचा. "बगा, बी. ए. हाय. नापासाचं पुस्तक आपन ठेवत नाय!"

त्या गोणपाटावर माझं शुद्धलेखनाचं पुस्तकही असे. आज सांगून टाकतो, मी बी. ए. नापास होतो. नावापुढची ती दोन अक्षरं मीच छापून घेतली होती आणि त्यांच्याच जोरावर तालुक्यातल्या एका शाळेत हेडमास्तर झालो होतो.

या माणसाला माझ्या मागावर कुणी पाठवलंय की काय, अशी शंका मला रोज खायची. एका बाजारी त्यानं माझंच पुस्तक माझ्यापुढं धरलं.

"गुरुजी, हे लिवनारे इथलेच ना वो? सही पायजे होती. सहीचं पुस्तक लवकर खपतं."

त्याची नजर पुस्तकावर नव्हती, माझ्या तोंडावर होती. मी घाईनं म्हणालो, "ते वारले."

"अरारा!" त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग कानावरची पेन्सिल घेऊन माझ्या नावाआधी सावकाश ‘कै.’ लिहिलं.

"बरं झालं, गुरुजी," तो म्हणाला. "मेल्या मानसाचं सर्टिफिकीट कोन मागतो?"

हे म्हणताना तो हसला असता, तर मला इतकी वर्षं घोर लागला नसता.