करवंटीतलं पाणी

विहिरीच्या कठड्याला मी नुसता हात टेकला होता. पात्रांवाची बायको ओरडतच बाहेर आली.

"बांयक हात लावूं नाका गो! तुज्या हातांक वीख आसा. आमी हेंच उदक पियेतात."

मग तिनं नारळाची करवंटी पायानं माझ्याकडे सरकवली आणि हातभर उंचावरून पाणी ओतलं. माझी सहा वर्षांची सुमी माझा पदर धरून बघत होती. गणपतीची चवथ जवळ आलेली. पात्रांवानं, म्हणजे आमच्या मालकानं, मला अंगण सारवायला घरी बोलावलं होतं. माझ्या हातानं सारवलेलं अंगण चालतं. विहीर चालत नाही.

तहान लागली होती. प्याले. लाज नंतर वाटली.

आम्ही दोडामार्गाकडचे. नवरा इथं सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाच्या ट्रकवर होता. खाण बंद पडली, ट्रक उभे राहिले, आणि मी पात्रांवाच्या भंगाराच्या गोदामात लागले. फुटके टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाईल. वायरी जाळून तांबं काढायचं, आतल्या हिरव्या पट्ट्या ॲसिडात बुडवायच्या. थुंकी काळी पडायची. ॲसिडाचं पाणी उतारानं खाली आमच्या वाडीच्या विहिरीकडे जायचं. सुमीला घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून ती माझ्याजवळच बसायची. तिला खोकला लागला तो जाईना. धाप लागली की पोरीचे ओठ निळे पडायचे. मी पात्रांवाला विचारलं होतं. तो हसला होता.

"कितेंच जायना गो. धुंवराक कोण भियेता?"

आणि त्याच्याच घरात, त्याच कामानं माझ्या हाताला लागतं त्याला वीख म्हणतात!

तिथं विहिरीपाशीच माझं डोकं फिरलं. गावात माझ्या आईलाही असंच वरून पाणी वाढायचे. जातीमुळं. ती म्हणायची, आपलं नशीब. कसलं नशीब? वीख यांनीच माझ्या हाताला लावलं आणि हात विटाळला म्हणूनही यांनीच सांगितलं. म्हणजे यांना ठाऊक होतं. माझी पोर रोज धुरात बसलेली दिसत होती, आणि ठाऊक होतं.

करवंटी घेऊन मी वाडीत आले. आमच्या विहिरीचं पाणी तीत भरलं. वर तेलकट तवंग. तशीच परत गेले आणि पात्रांवापुढे धरली.

"ह्या पाणी पिया," मी म्हटलं. "काय होणा नाय ना?"

तो मागे सरला. "पिशी जाल्या तूं! फाल्यां सावन कामाक येवं नाका." मी वेडी, म्हणून उद्यापासून काम बंद.

नवरा कपाळाला हात लावून बसला. "आता आमी खातलंव काय?"

सुमीचा खोकला तसाच आहे. डॉक्टर म्हणतो, धुरापासून लांब ठेवा. धूर तर अख्ख्या वाडीवर! माझ्या जागी दुसरी बाई लागली. तिचं तान्हं पोर तिथंच झोळीत असतं. मला तिचा राग येत नाही, तीही माझ्यासारखीच अडलेली.

करवंटी मी टाकलेली नाही. रविवारी ग्रामसभा आहे. पात्रांव पहिल्या खुर्चीत बसतो. वाडीचं पाणी भरून मी ती त्याच्यापुढे ठेवणार. त्यानं प्यावं, नाहीतर आमच्या पोरांनी का प्यायचं ते सगळ्यांदेखत सांगावं. मला हाकलायला उठतील, माहीत आहे. उठू देत. कोण माझा हात धरून बाहेर काढतो ते बघतेच. हाताला वीख आहे ना माझ्या!