पाळकीणबाईंनी चार्ज दिला

माझ्या गिऱ्हाइकांत भाव न करणारी बाई एकच होती, आणि तिचा मला पहिल्याच दिवशी राग आला.

वाशीचे सेक्टर तेव्हा नवे होते. मी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार म्हावरं विकायचे. आमचं गाव म्हणजे आता ज्याला जुईनगर म्हणतात तिथलं जुनं गाव. भातशेती आणि मिठागर दोन्ही नव्या शहरासाठी सरकारने घेतलं. माझ्या बापाने साहेबाने सांगितलेला भाव ऐकला, मान डोलावली आणि अंगठा दिला. घरी येऊन म्हणाला, "साहेब मोठा मानूस हाय, त्याच्याशी काय घासायचं?" ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही. त्यानंतर मी कुठलीच वस्तू सांगितल्या भावाला घेतली नाही, आणि पहिल्या मागितल्या भावाला दिली नाही. नुसती मान डोलावणारं माणूस दिसलं की माझं डोकं फिरतं.

आणि इथे ही बाई. साठीच्या आसपासची, पांढरं पातळ, हातात बांगडी नाही, कपाळ मोकळं. मला वाटलं विधवा असेल, तर आतून नवऱ्याच्या खोकण्याचा आवाज आला. तिने बोंबलाचा वाटा केवढ्याला विचारलं. मी नेहमीप्रमाणे चढवून सांगितला, म्हणजे ती पाडून मागेल. ती आत गेली आणि पैसे घेऊन आली.

"बाय, काय कमीजास्त नाय बोलनार?"

"तू सांगितलास ना भाव?"

"तो बोलायला सांगितला."

"मग आता मी काय बोलू, तूच सांग."

मला असा संताप आला की आणखी दोन मुठी बोंबील तिच्या पातेल्यात आपटले आणि तरातरा निघून आले. पुढच्या वेळेपासून तिला एकच, खरा भाव सांगायचा असं ठरवलं. तो सांगताना मला दात काढून दिल्यासारखं वाटायचं.

मग कळलं की ती पाळकीणबाई आहे. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या पाद्रीला पाळक म्हणतात, त्याच्या बायकोला पाळकीणबाई, आणि चर्चच्या लोकांना मंडळी. नवरा-बायको राहायचे ते घर मंडळीने घेतलेलं होतं. खालच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे लहानसा ओटा. पाळक आहे तोवर राहायचं, निवृत्त झाला की रिकामं करायचं. स्वतःचं म्हणून कुठे एक खोली नव्हती. चाळीस वर्षं मिशनच्या घरांत काढली, गावाकडे काही बांधलं नाही.

हे त्यांनी मला मासे साफ करता करता सांगितलं. मी उठू लागले तर म्हणाल्या, "बस गं पोरी, चहा पी," आणि मग रोजचंच झालं. भाव का करत नाही तेही सांगितलं. "पाळकाच्या बायकोने घासाघीस केली तर लोक म्हणतात, मंडळी पोटाला देत नाही असं गावभर दाखवते. महागाचं घेतलं तर म्हणतात, आमच्या वर्गणीवर चैन चाललीय. म्हणून स्वस्तातलं घ्यायचं आणि गप्प द्यायचं."

"मंग पापलेट कवा खाल्लं तुमी?"

"खाल्लंय की. दुसऱ्यांच्या लग्नात."

एकदा मी खाली पापलेट आणि वर बोंबील घालून पातेलं दिलं. बाईंनी ते उचललं, वजन पाहिलं आणि हसत सुटल्या. "अगं, तळल्यावर वास कुठे लपवू? शेजारीच मंडळीच्या पंचांची बहीण राहते." पापलेट परत. मी त्या बहिणीला पुढचा महिनाभर शिळं म्हावरं दाखवत राहिले. तिनेही घेतलं नाही, पण मला बरं वाटलं.

बाई नगरकडच्या. इंग्रजांच्या राज्यात, सतराव्या वर्षी लग्न होऊन मिशनच्या आवारात आल्या. मोठ्या बंगल्यात गोरा पाद्री आणि त्याची मडम, मागच्या दोन खोल्यांत हे. खाट, टेबल, कंदील, पळी, सगळं मिशनचं. बदली झाली की मडम दारात उभी राहायची आणि नव्या सुनेसारख्या त्या पोरीने एकेक वस्तू आणून तिच्यासमोर ठेवायची. त्याला चार्ज देणं म्हणत. पहिल्याच बदलीला एक चमचा कमी भरला. बैलगाडी जुंपून उभी, पाळक खाली मान घालून उभे, आणि मडम म्हणते चमच्याशिवाय गाडी हलणार नाही. चमचा सापडला तो तान्ह्या मुलीच्या मुठीत.

"मडमेने तो सोडवून घेतला," बाई म्हणाल्या. "आणि मग त्याच मुलीला गाडी निघेपर्यंत कडेवर घेऊन फिरवलं, खिशातली साखर चाटवली. माझी मुलगी तिच्यासाठी रडली, चमच्यासाठी नाही."

मी म्हटलं, "मी असते तर तो चमचा तिच्या..."

"माहितेय मला तू काय केलं असतंस."

त्या चार्जाला मराठी पाळकांच्या बायकांनी आपली एक गोष्ट जोडली होती, मडमेला कधी कळली नाही अशी. घर सोडणारीने नव्या येणाऱ्या कुटुंबाचं पहिलं जेवण शिजवून चुलीवर ठेवायचं. नवी बाई प्रवासातून येणार, पोरं भुकेलेली, सरपण कुठे ते ठाऊक नाही. अकरा बदल्यांत बाईंनी अकरा परक्या बायकांसाठी स्वयंपाक केला होता, आणि अकरा परक्या बायकांचं खाल्लं होतं. कोणाच्या हाताला चव होती आणि कोणी रागाने मीठ जास्त घातलं होतं, सगळं त्यांच्या लक्षात होतं.

पाळकसाहेब उंच, काटकुळे. सायकलवर बसले की गुडघे कानाला लागायचे. वाशीपासून बेलापूरपर्यंत जिथे कोणा ख्रिस्ती कुटुंबाला खोली मिळाली असेल तिथे हे पोचणार, आणि येताना बरोबर कोणीतरी घेऊन येणार. नोकरी शोधायला आलेला, घरातून भांडून निघालेला, नाहीतर नुसता भुकेला.

"ऐकलंस का, हे जेवायला आहेत."

"ऐकलं," बाई आतून म्हणायच्या आणि आमटीत पाणी वाढवायच्या. मी एकदा विचारलं, तुम्हाला चीड येत नाही? म्हणाल्या, "येते. त्या दिवशी मिरची जास्त पडते."

शनिवारी पाळकसाहेब उद्याचं प्रवचन त्यांना वाचून दाखवायचे. बाई भाजी निवडत ऐकायच्या आणि मध्येच हात वर करायच्या. "हे काढा. इथे मागच्या बाकावर घोरायला लागतात." साहेब रुसायचे आणि काढायचे. इतकी वर्षं मंडळीने ज्या प्रवचनाची स्तुती केली, त्यावर चाललेली कात्री बाईंची होती. मंडळीला पत्ता नव्हता. मी अख्ख्या बाजारात सांगितलं, पण बाजारात मंडळीचं कोणी नव्हतं.

ती चमचा धरणारी मुलगी आता मुंबईत नर्स होती, हॉस्पिटलच्या हॉस्टेलात राहायची. सुटीला आली की आईवर डाफरायची. "लहानपणी विलायतेहून आलेल्या दानाच्या पेटीतले फ्रॉक घातलेस मला, दुसऱ्या पोरींच्या घामाचे. आता तरी स्वतःसाठी काही मागशील?"

"ते फ्रॉक मी उसवून शिवलेत. तुझ्या मापाचे होते."

"मी मापाचं बोलत नाहीये, आई."

माझं तिच्याशी लगेच जमलं.

पुढे माझं बरं चाललं. मार्केटात ओटा घेतला, बर्फाची पेटी घेतली, गावात बापाच्या घराशेजारी तीन खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. त्याच सुमारास पाळकसाहेबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. मंडळीच्या पंचांनी नवा पाळक बोलावला, तरुण, बायको आणि तान्हं मूल असलेला. बाईंना सांगितलं, महिनाअखेर घर मोकळं करा.

कुठे जायचं? मुलीच्या हॉस्टेलात आईबापाला ठेवता येत नव्हतं. मिशनचा एक वृद्धाश्रम होता, लांब घाटावर, तिथे पुरुषांची खोली वेगळी आणि बायकांची वेगळी. ज्या माणसाला घास भरवावा लागत होता तो एका टोकाला, आणि भरवणारी दुसऱ्या टोकाला. मुलीने हे मला मार्केटात येऊन सांगितलं आणि माझ्या ओट्यावरच रडली.

मी पाटी टाकून थेट त्यांच्या घरी गेले.

"बाय, तुमी हलू नका. ताबा तुमचा हाय. गावातली पोरं आनून ओट्यावर बसवते. कोन बाहेर काढतो बघू!"

"आणि ती तान्हं घेऊन येणारी? ती कुठे जाईल?"

"तिचं पंच बघतील."

"माझं बघितलं तसं?"

मी माझ्या बापाचं सगळं सांगितलं, आवाज चढवून. अंगठा कसा दिला, साहेबाला मोठा मानून कसा गप्प बसला. "तुमी तसंच करताय," म्हटलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना बोलता आलं नाही. मला येतं. पण मी हे घर भांडून ठेवलं तर ते त्या नव्या मुलीच्या पोराकडून हिसकावलेलं असेल. तिथे ह्यांना भरवलेला घास माझ्या घशाखाली उतरणार नाही." मी म्हटलं, मग माझ्या तीन खोल्यांतली पुढची घ्या, भाडेकरू परवाच गेलाय. त्या साहेबांना भरवायला उठल्या.

महिनाअखेरीला सकाळी त्या माझ्या ओट्यावर आल्या. मोठा जिताडा मागितला. आमच्या खाडीतला सगळ्यात भारी मासा.

"कोनासाठी?"

"नव्या लोकांसाठी. आज चार्ज द्यायचाय."

"पंचांची बहीन काय बोलंल?"

"आज माझा शेवटचा दिवस आहे. बोलू दे तिला काय बोलायचंय ते."

दुपारी मी भांडायच्या तयारीने गेले. पंचांतला एक आला होता, ऑफिसातला माणूस, किल्लीसाठी पंजा पुढे केलेला. त्याला चार्ज वगैरे काही ठाऊक नव्हतं. बाई एकेक भांडं आणून ओट्यावर मांडत होत्या. साहेब खुर्चीत, पायावर चादर.

"बाई, राहू द्या हो. मोजायची गरज नाही."

"तुम्हाला नसेल. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने पळी नेली."

"म्हनून दाखवा तर कोनी!" मी ओरडले. "चाळीस वर्षं राबवून घेतलं, आता अर्ध्या अंगाच्या मानसाला रस्त्यावर काढताय..."

"गप्प बस," बाई माझ्यावर ओरडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "हे माझं काम आहे, मला करू दे." आणि त्याच आवाजात पंचांना म्हणाल्या, "ती बोलली ते खरं आहे. मंडळीच्या सभेत सांगा, मी सांगितलं म्हणून. पुढच्या पाळकाला निवृत्तीनंतर राहायला खोली ठरवून ठेवा, आत्ताच. मी विचारायला येणार आहे." पंचाचा पंजा खाली गेला.

नवीन मुलगी आली तेव्हा मूल रडत होतं आणि तीही रडायच्या बेतात होती. बाईंनी तिला आत नेलं, स्टोव्ह कुठल्या बाजूने भडकतो ते दाखवलं, पाणी कधी येतं, कोणाकडे दूध मिळतं. जिताड्याचं कालवण आणि भात झाकून ठेवला होता. त्या मुलीने झाकण उघडलं आणि खरंच रडायला लागली.

बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारलं, "तुझ्या खोलीचं भाडं किती?"

"भाडं कसलं? राव्हा तशाच."

"मग आम्ही वृद्धाश्रमात जातो. आयुष्यभर लोकांनी दिलेल्या घरात राहिले, आता नाही. भाडं सांग."

मी एक आकडा सांगितला, निम्म्याहून कमी.

"आधीचा भाडेकरू किती देत होता?"

"तेवढंच."

"खोटं बोलतेस. त्याची बायको तुझ्या नावाने खडे फोडायची, मी ऐकलंय. वाढव."

"नाय वाढवत!"

"वाढव म्हणते ना."

मी, जिने अख्ख्या मार्केटला पाणी पाजलं, भर रस्त्यात आकडा खाली ओढत होते आणि समोरची वर ओढत होती. पंच तोंड उघडं टाकून पाहत होता. खुर्चीत पाळकसाहेब अर्ध्या तोंडाने हसत होते, खांदे हलत होते. शेवटी जिथे थांबलो तो भाव रास्त होता. मी नेट लावला असता तर आणखी पाडू शकले असते, असं मला आजही वाटतं.

टेम्पोत फक्त त्यांच्या दोन ट्रंका, शिवणाचं मशीन आणि साहेबांची खुर्ची होती. मुलीने सुटी काढून दोन दिवसांत खोली लावली.

तिसऱ्या सकाळी मी ताजी कोलंबी घेऊन नेहमीसारखी सरळ आत शिरायला गेले, तर दार बंद. पाळकाच्या घराचं दार दिवसा कोणी लावत नाही. मध्येच कोणी दुःख घेऊन आला तर परत जाऊ नये म्हणून चाळीस वर्षं ते उघडं असायचं, आणि मी कधी हाकही न मारता आत जायचे. माझीच इमारत, माझ्याच पैशांचं दार. डोकं फिरलं. मी थाप मारली.

"कोण आहे?" आतून आवाज.

"कोन म्हंजे? मी!"

"थांब. ह्यांना भरवतेय. झालं की उघडते."

मी पाटी खाली ठेवली आणि पायरीवर बसले.